युरोपसाठी प्रीपेड सिम: चार देश, चार माणसं, सिम किती?

फुटाळ्याची_झुळूक | 18 मार्च, रात्री 9:52

मंडळी, मे महिन्यात आम्ही चौघं युरोपला चाललो आहोत. मी, नवरा आणि सासू-सासरे. आधी पॅरिस, मग पाच दिवस स्वित्झर्लंड, मग ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक, शेवटी इटलीत व्हेनिस, फ्लोरेन्स आणि रोम. एकूण 15 दिवस. ग्रुप टूर नाही. हॉटेलं, रेल्वेची तिकिटं सगळं आम्हीच केलंय. त्यामुळे मॅप बंद पडला की आम्ही बंद पडलो.

घोडं अडलंय सिमवर. नवरा म्हणतो आपल्याच नंबरवर रोमिंग टाकू. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते पॅरिसला उतरून एक प्रीपेड सिम घे, "शेंगेन आहे ना सगळं, एकच व्हिसा, मग सगळीकडे चालणारच". इथे नागपुरात सीताबर्डीतल्या एका दुकानात विचारलं तर त्याने ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवायचं सिम) घ्या म्हणून सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. सासऱ्यांचा फोन सहा वर्षांचा आहे. त्यांना रोज संध्याकाळी पेन्शनर मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकल्याशिवाय जेवण जात नाही.

चौघांना चार सिम, की दोन घेऊन हॉटस्पॉट? आणि घ्यायची कुठून? जुने धागे चाळले, पण बहुतेक 2015-16 चे आहेत.

तर्रीपोहे | 18 मार्च, रात्री 10:05

म्हणजे मे महिन्यात आम्हाला इथे 45 मध्ये भाजत ठेवून तुम्ही बर्फात खेळणार? नाही सांगत जा सिम-बिम.

झिरोमाईल | 18 मार्च, रात्री 10:11

तर्री, तुला माहीत असतं तर सांगितलं असतंस.

तर्रीपोहे | 18 मार्च, रात्री 10:13

ते पण खरंच आहे बे.

निवृत्त_अभियंता | 19 मार्च, सकाळी 6:40

तुमच्या यजमानांशी मी सहमत आहे. आम्ही दोघं गेल्या वर्षी बारा दिवस जाऊन आलो. आपल्याच कंपनीचा परदेश पॅक टाकला. दोहाला विमान बदलताना फोन सुरू केला तेव्हापासून नेट चालू, ते परत सोनेगाव विमानतळावर उतरेपर्यंत. दुकान शोधणं नाही, पासपोर्ट दाखवणं नाही, भाषेची अडचण नाही. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर. पैसे जास्त गेले हे मान्य. पण मनस्तापाचीही काही किंमत धराल की नाही? शिवाय मी संध्याकाळी हॉटेलवर बसून आयपीएल पाहिली. शेजारच्या खोलीतल्या तरुण जोडप्याकडे तिकडचं सिम होतं, त्यांच्या फोनवर सामना लागतच नव्हता.

झिरोमाईल | 19 मार्च, सकाळी 8:20

काका, युरोपात जाऊन आयपीएल? काकूंनी काय केलं मग संध्याकाळी?

निवृत्त_अभियंता | 19 मार्च, सकाळी 8:31

त्यांनीही पाहिली.

बर्लिनचा_नागपूरकर | 19 मार्च, दुपारी 1:15

नऊ वर्षं इकडे आहे, दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी प्रतापनगरहून येतं आणि हाच प्रश्न विचारतं. जरा सविस्तर लिहितो.

झुळूकताई, तुमच्या मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे, आणि जे अर्धं चुकलंय ते नेमकं तुमच्या सहलीच्या मधोमध बसलंय. शेंगेन ही व्हिसाची यादी. फोनची यादी वेगळी. युरोपियन युनियनने 15 जून 2017 पासून आपल्या देशांमधलं जादा रोमिंग शुल्क बंद केलं. म्हणजे फ्रान्सचं सिम इटलीत किंवा ऑस्ट्रियात नेलं तरी घरच्याच दराने चालायला हवं. 2022 मध्ये तो नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढवला. युनियनच्या बाहेरचे नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन हे तीन देशही त्यात धरलेले आहेत.

स्वित्झर्लंड नाही. शेंगेनमध्ये आहे, तुमचा व्हिसा तिथे चालतो, पण तो ना युनियनमध्ये, ना या फोनच्या नियमात. फ्रेंच कंपनीने आपल्या मर्जीने स्वित्झर्लंड पॅकमध्ये घेतला असेल तर चालेल, नसेल तर एमबीच्या हिशोबाने शिल्लक खाऊन टाकेल. बऱ्याच कंपन्या घेतात, सगळ्या नाही. आणि तुम्ही पंधरातले पाच दिवस तिथेच आहात! म्हणून सिम घेताना "युरोपात चालतं का" असं विचारूच नका. पाकिटामागची देशांची यादी काढायला लावा आणि स्वित्झर्लंड हे नाव बोटाने दाखवून मागा. ब्रिटनचंही तेच. 2021 पासून ते या नियमाबाहेर गेले.

दुसरं. पाकिटावर मोठ्या अक्षरात जो डेटा लिहिलेला असतो, तो बहुतेक वेळा त्या देशातला. बाहेर किती मिळेल ते खाली बारीक अक्षरात. नियमाने कंपनीला बाहेरच्या वापरावर मर्यादा घालता येते. 100 जीबीच्या पाकिटात शेजारच्या देशासाठी 20 सुद्धा असू शकतात. तुम्हाला पुरतील, पण माहीत असू द्या.

फुटाळ्याची_झुळूक | 19 मार्च, दुपारी 2:02

बापरे. बरं झालं विचारलं. मी तर मैत्रिणीच्या भरवशावर निघालेच होते. खूप आभार दादा.

पुण्याची_मी | 19 मार्च, दुपारी 3:30

बर्लिनच्या दादांना अनुमोदन, आणि एक भर. जहाज! आम्ही हेलसिंकीहून स्टॉकहोमला रात्रीच्या जहाजाने गेलो. दोन्ही देश युनियनमधले, म्हणून निर्धास्त झोपलो. किनारा मागे पडल्यावर माझ्या फोनने जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं. ते उपग्रहावरून चालतं आणि त्याला ही घरच्या दराची सवलत नाही. सकाळी उठले तर 20 युरोची शिल्लक शून्य. फोटोंचा बॅकअप रात्रभर चालू होता. प्रीपेड होतं म्हणून 20 वर निभावलं.

तर्रीपोहे | 19 मार्च, दुपारी 3:41

पुण्याच्या माणसाचे 20 युरो झोपेत गेले. आज दिवस चांगला आहे.

पुण्याची_मी | 19 मार्च, दुपारी 3:44

माहेर नागपूरच्या महालातलं आहे रे माझं. हलके घ्या.

तर्रीपोहे | 19 मार्च, दुपारी 3:45

मग माफी. पोहे माझ्याकडून, तर्री जास्त.

बर्डीचा_मोबाईलवाला | 19 मार्च, रात्री 9:20

माझंही सीताबर्डीलाच दुकान आहे. तुम्हाला अर्धवट सांगणारा मी नव्हे, आधीच सांगतो.

सासऱ्यांच्या फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा. आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) सोबत ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर ई-सिम चालेल. नाही दिसला तर विषय संपला, साधं सिम घ्या. सहा वर्षं जुना आणि मधल्या किमतीचा फोन असेल तर बहुधा नसेलच. फोन हप्त्यावर घेतलेला किंवा कुणी परदेशातून आणलेला असेल तर तो एखाद्या कंपनीच्याच सिमला लॉक नाही ना तेही पाहा. आपल्याकडे विकत घेतलेले सहसा खुले असतात.

काकांच्या आयपीएलचा उलगडा असा. आपल्या सिमवर रोमिंग केलं की इंटरनेट साधारणपणे भारतातल्या कंपनीमार्फतच फिरून येतं. त्यामुळे अ‍ॅपला वाटतं तुम्ही धरमपेठेतच बसलेले आहात. तिकडच्या सिमवर तुम्ही परदेशी ठरता. काही बँकांची अ‍ॅपसुद्धा परदेशी नेटवर रुसतात.

आता महत्त्वाचं. आपलं सिम काढून घरी ठेवू नका. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही राहू द्या. आपल्या सिमवर निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, नाहीतर तिकडे नेटवर्कच पकडणार नाही. डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा. येणारे एसएमएस सहसा फुकट असतात, तेवढ्यासाठीच ते जिवंत ठेवायचं. त्या नंबरवर कुणाचा फोन आला तर उचलू नका, मिनिटाला पैसे लागतील. व्हॉट्सअ‍ॅपने "नंबर बदलायचा का" विचारलं की नाही म्हणा. जुनाच नंबर चालत राहतो.

आणि हो, तिकडच्या सिमला पिन असते. फोन बंद करून चालू केला की चार आकडे मागतो. आपल्याकडे ती सवय नाही. तीनदा चुकलं की पीयूके, म्हणजे सिमचं कुलूप उघडायचा कोड, मागतो, तोही दहादा चुकला की सिम कायमचं गेलं. दोन्ही नंबर सिम ज्या प्लॅस्टिकच्या कार्डातून निघतं त्यावर छापलेले असतात. ते कार्ड फेकू नका.

वऱ्हाडी_ठेचा | 20 मार्च, सकाळी 7:05

मोबाईलवाले भाऊ, एक इचारतो. सगळे म्हणतेत डेटा रोमिंग बंद ठेवजो. मी मागच्या साली पोराकडे गेलो होतो म्युनिकले. त्याने मले जर्मनीचं सिम देल्लं. तिथी बढिया चाललं. मंग सॉल्झबर्ग पाहाले गेलो तं नेट ठप! दिवसभर फोन म्हणजे नुसता टॉर्च. असं काहून झालं?

बर्डीचा_मोबाईलवाला | 20 मार्च, सकाळी 9:48

कारण तुम्ही लोकांचं ऐकून त्या सिमचंही डेटा रोमिंग बंद ठेवलं होतं. सॉल्झबर्ग ऑस्ट्रियात. जर्मन सिमसाठी तो परदेशच. पैसे जादा लागत नाहीत, पण फोनच्या लेखी रोमिंग ते रोमिंगच. आपल्या सिमचं बंद, तिकडच्या सिमचं चालू. फोनमध्ये दोन्हीची बटणं वेगवेगळी असतात. तरीही नेट नाही आलं तर एपीएन (फोनमधली नेट जोडायची सेटिंग) तपासायचं, कंपनीच्या कागदावर दिलेलं असतं.

वऱ्हाडी_ठेचा | 20 मार्च, सकाळी 10:02

हात्तीच्या! पोट्टं इंजिनियर हाये, त्यालेबी नाही समजलं.

सहलवाला_दादा | 20 मार्च, रात्री 11:30

टूर मॅनेजर म्हणून दरवर्षी माणसं घेऊन जातो, म्हणून चार शब्द.

ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी तीन जाती दिसतात. एक, रोमिंग टाकून आलेले. ते निवांत असतात, पण दहाव्या दिवशी पॅक संपला की माझ्या हॉटस्पॉटभोवती गोळा होतात. दोन, विमानतळावर मिळेल ते घेणारे. तेच सिम शहरातल्या कंपनीच्या दुकानात बरेचदा स्वस्त असतं. तीन, काहीच न घेणारे. "हॉटेलात वायफाय आहे ना?" हे लोक स्टेशनवर हरवतात. कित्येक ठिकाणी फुकटच्या वायफायलाही नंबरवर ओटीपी येतो आणि यांचं सिम नागपुरात कपाटात असतं.

तुमच्या रस्त्यातली गंमत सांगतो. स्वित्झर्लंडहून इन्सब्रुकला बसने जाताना आम्ही वाडुझला थांबतो. लिश्टेनश्टाइनची राजधानी. एकदा स्वित्झर्लंड नसलेली सिमं घेऊन बसलेला ग्रुप होता. पाच दिवस सगळ्यांचे फोन मुके. ऱ्हाइन नदीचा पूल ओलांडला आणि बसमध्ये एकदम टिंगटिंगटिंग सुरू झालं, पाच दिवसांची गुड मॉर्निंगं एका दमात. देश केवढासा, पण नियमात बसतो. लोकांनी राजवाडा पाहिलाच नाही, खाली मान घालून मेसेज वाचत बसले.

उलटही होतं. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झला उभे असता, फोन पलीकडचा स्विस टॉवर पकडतो. सीमेजवळच्या गावात नेटवर्क ऑटोमॅटिकवर ठेवू नका, हाताने निवडा. नव्या देशात शिरलं की दरांचा एसएमएस येतो, तो न वाचता पुसू नका.

आणि रविवार पाहा. ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं जवळपास सगळी बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची आणि विमानतळावरची सोडून.

झिरोमाईल | 21 मार्च, सकाळी 8:15

सहलवाले दादा, "पाच दिवसांची गुड मॉर्निंगं" वाचून चहा सांडला.

रच्याकने (जाता जाता), कुठल्या देशात सिम घेणं सोपं? कागदपत्रांचं म्हणतोय.

बर्लिनचा_नागपूरकर | 21 मार्च, दुपारी 12:40

आमचा जर्मनी सगळ्यात किचकट. जुलै 2017 पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम सुरूच होत नाही. दुकानात पासपोर्ट, नाहीतर व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट हलवून दाखवा, वर पत्ता द्या. सुपरमार्केटात सिम सहज मिळतं, सुरू करायला अर्धा दिवस जातो. नेदरलँड्समध्ये ओळखपत्र मागत नाहीत, दूध-पावाबरोबर सिम घेऊन बाहेर. स्पेनमध्ये पासपोर्ट लागतो. इटलीत तर कहरच, पण तो किस्सा कुणीतरी इटलीवाल्याने सांगावा.

पुण्याची_मी | 21 मार्च, दुपारी 1:25

मी सांगते! इटलीत सिमला कोडिचे फिस्काले लागतो. आपल्या पॅनसारखा, 16 अक्षर-आकड्यांचा. प्रवाशाकडे तो नसतोच, पण दुकानदार नाव, जन्मतारीख टाकून तिथल्या तिथे काढतो. रोममध्ये स्टेशनाजवळच्या दुकानात आईच्या नावाने सिम घेतलं. आईचा जन्म 12 तारखेचा. पावतीवरच्या कोडमध्ये 52! आईने पोराला थांबवलं, "अहो, तारीख चुकली". त्याला मराठी कळेना, हिला इटालियन. शेवटी त्याने कागदावर 40 अधिक 12 असं लिहून दाखवलं आणि हिच्याकडे बोट केलं. बायकांच्या जन्मतारखेत चाळीस मिळवतात, कोडवरून बाई की पुरुष ते कळावं म्हणून. जन्मगावाच्या जागी भारतात जन्मलेल्या सगळ्यांना झेड 222. आई अजून सांगते, इटली सरकारने मला चाळीस वर्षांनी मोठी केली.

वऱ्हाडी_ठेचा | 21 मार्च, दुपारी 1:50

आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चुकलं तं सहा महिने चकरा माराव्या लागतेत. तिथी चाळीस मिळवले तरी बरोबर. वा रे वा.

(सातबाऱ्यावरून पुढे अकरा प्रतिसाद झाले, ते संपादकांनी वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

फुटाळ्याची_झुळूक | 23 मार्च, रात्री 10:10

सासऱ्यांच्या फोनवर ईआयडी दिसला नाही. माझ्या आणि नवऱ्याच्या दिसला. सासूबाईंचा फोन म्हणजे फक्त फोटोंचा अल्बम, त्यांना सिम नको.

आता ई-सिमबद्दल विचारते. इथूनच घेऊन जावं म्हटलं तर एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचं अ‍ॅप इकडे मिळतच नाही.

बर्डीचा_मोबाईलवाला | 23 मार्च, रात्री 10:45

2024 च्या जानेवारीत दूरसंचार विभागाच्या सांगण्यावरून दोन मोठ्या परदेशी ई-सिम कंपन्यांची अ‍ॅप भारतातल्या स्टोअरमधून काढली होती. परदेशी सिम इथे विकायचं तर विभागाचं ना-हरकत लागतं, ते नव्हतं. परवानगी असलेले विक्रेते आहेत, त्यांच्याकडून घ्या. किंवा तिकडे उतरल्यावर तिथल्या कंपनीचं घ्या. फक्त एवढं पाहा की प्रवासी ई-सिम बरेचदा नुसतं डेटाचं असतं, त्याला फोन नंबरच नसतो. हॉटेलला फोन लावायचा तर व्हॉट्सअ‍ॅप नाहीतर काही नाही. आणि ई-सिम टाकायचा क्यूआर कोड ज्या फोनमध्ये घ्यायचा त्याच फोनवर मेलमध्ये आला तर स्कॅन कशाने करणार? घरीच, वायफायवर, दुसऱ्या फोनच्या पडद्यावर उघडून टाकून घ्या. चालू तिकडे उतरल्यावर करा, वैधता कित्येकांची चालू केल्यापासून मोजतात.

निवृत्त_अभियंता | 24 मार्च, सकाळी 6:25

एवढी उपनिषदं वाचून झाल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं आहे. पॅक टाका आणि मोकळे व्हा. ईआयडी, एपीएन, पीयूके, चाळीस अधिक बारा! सहलीला चाललात की परीक्षेला?

बर्लिनचा_नागपूरकर | 24 मार्च, दुपारी 12:05

काका, दोघांसाठी तुमचं गणित बरोबर. चौघांसाठी, पंधरा दिवस, दिवसभर मॅप आणि व्हिडिओ कॉल, असं धरलं की पॅकचा डेटा अर्ध्यात संपतो आणि मग पुन्हा रिचार्ज. शिवाय पॅकच्या यादीतही देश तपासावे लागतातच. ती कटकट तुम्हालाही चुकलेली नाही, तुमच्या नशिबाने सगळे देश यादीत होते.

एक मात्र तुमच्या बाजूने. जर्मनीत 112 हा तातडीचा नंबर चालू सिमशिवाय लागत नाही, 2009 पासून. इतरत्र कित्येक देशांत सिम नसतानाही लागतो. म्हणून वयस्कर माणसाच्या फोनमध्ये कुठलं ना कुठलं चालू सिम हवंच, मग ते आपलं रोमिंगचं का असेना.

निवृत्त_अभियंता | 24 मार्च, दुपारी 12:50

हे पटलं. बाकीचं नाही.

फुटाळ्याची_झुळूक | 24 मार्च, रात्री 9:15

ठरलं. पॅरिसला कंपनीच्या दुकानातून दोन सिम, यादीत स्वित्झर्लंड बोटाने दाखवून. एक माझं ई-सिम, एक सासऱ्यांना साधं. नवरा माझ्या हॉटस्पॉटवर, तेवढाच माझ्या जवळ राहील. चौघांची आपली सिमं नुसत्या एसएमएससाठी. आल्यावर कळवते.

तर्रीपोहे | 24 मार्च, रात्री 9:20

येताना चॉकलेट. इथपर्यंत वितळलं तरी चालेल, चमच्याने खाऊ.

फुटाळ्याची_झुळूक | 27 मे, रात्री 11:05

आले परत. विमानतळाबाहेर पाय ठेवला आणि तर्रींची आठवण झाली, भट्टीच आहे. कळवते म्हटलं होतं म्हणून लिहिते.

पॅरिसला दुकानातल्या मुलीने पासपोर्ट पाहिले आणि दहा मिनिटांत काम झालं. पाकिटामागे यादी होती, "स्विस" शब्दावर बोट ठेवलं, तिने हसून मान डोलावली. सासऱ्यांच्या फोनचा ट्रे काढायला पिन नव्हती, सासूबाईंच्या कुडीच्या मळसूत्राने निघाला. सिम तीन मापांच्या चौकटीतून काढून बसवलं. पॅरिस, मग रेल्वेने स्वित्झर्लंड, नेट एकदाही गेलं नाही. टिटलिस शिखरावर बर्फात उभं राहून सासऱ्यांनी पेन्शनर ग्रुपला व्हिडिओ कॉल लावला. इकडे साडेतीन तास पुढे, मंडळी दुपारची झोपलेली. सात जणांनी तरी उचलला.

आणि मग लुसर्नला तो प्रकार झाला. रात्री त्यांचा फोन चार्जिंगअभावी बंद पडला. सकाळी चालू केला तर चार आकडे मागतोय. मला हाक मारायची सोडून त्यांनी एटीएमचा पिन टाकला. मग जन्मसाल. मग लग्नाचं साल. तीन झाले. पीयूके! मी म्हटलं, बाबा, ते प्लॅस्टिकचं कार्ड कुठंय? ते म्हणाले, कोणतं, ते मधे भोक पडलेलं? ते पॅरिसच्या हॉटेलात टोपलीत टाकलं, मला वाटलं कचरा आहे.

मोबाईलवाल्या दादांनी इथे लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं होतं हो. पण दाखवलं नागपुरात, मार्चमध्ये.

कंपनीच्या साइटवर खातं उघडून पीयूके काढता येतो, पण त्यासाठी ओटीपी त्याच बंद सिमवर! दुकान फ्रान्समध्ये, आम्ही लुसर्नला. शेवटी त्यांचं आपलं सिम होतंच, त्यावर तीन दिवसांचा रोमिंग पॅक टाकला आणि बाकी माझ्या हॉटस्पॉटवर काढलं. अभियंता काका, म्हणून तुमचाही अर्धा विजय.

दोघं हॉटस्पॉटवर लटकलेले, त्यामुळे माझी बॅटरी दुपारी दोनला मान टाकायची. पॉवर बँक दोन न्या. रोममध्ये मी दहा पावलं पुढे गेले की मागून "नेट गेलं, नेट गेलं" असा ओरडा.

निवृत्त_अभियंता | 28 मे, सकाळी 6:15

अर्धा का? तीन दिवस माझ्याच पद्धतीने चालले ना?

बर्डीचा_मोबाईलवाला | 28 मे, सकाळी 10:30

यापुढे दुकानात सिमबरोबर कार्डाचा फोटो मीच काढून देणार. गिऱ्हाइकाच्याच फोनमध्ये नाही, बायकोच्या.

फुटाळ्याची_झुळूक | 28 मे, रात्री 8:40

दादा, हे भारी आहे.

एक राहिलं. सासऱ्यांचं ते लॉक झालेलं सिम अजून आहे, त्यात बराच डेटा पडून आहे आणि वैधता जूनच्या मध्यापर्यंत. इथे कुणी पुढच्या आठवड्यात चाललंय का? पीयूके मिळवता आला तर वापरा, त्रिमूर्तीनगरला येऊन घेऊन जा.

बर्लिनचा_नागपूरकर | 28 मे, रात्री 9:05

ताई, देऊ नका. ते तुमच्या सासऱ्यांच्या पासपोर्टवर नोंदवलेलं आहे. त्या नंबरवरून कुणी काही उद्योग केले तर फ्रान्समध्ये नाव बाबांचं निघेल.

फुटाळ्याची_झुळूक | 28 मे, रात्री 9:32

हे सुचलंच नव्हतं. कात्रीने कापायला काढलं तर बाबा नको म्हणाले. पेन्शनचं कार्ड ठेवतात त्या पाकिटात ठेवलंय, टिटलिसच्या तिकिटाबरोबर.

तर्रीपोहे | 28 मे, रात्री 9:34

चॉकलेट?